इंग्रजी नंतर बघ, आधी पाणी फवारलं होतं का ते विचार

मॅडम,
वनस्पतीशास्त्रात पीएच.डी. होऊन मला दोन वर्षं झाली. नाशिकमध्ये एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. गेल्या आठवड्यात माझ्या गाइड सरांनी एका जर्नलचा पेपर मला फॉरवर्ड केला. 'रिव्ह्यूला आलाय, तू बघून रिपोर्ट लिहून दे, मी माझ्या लॉगिनने टाकतो,' एवढाच मेसेज. पेपर [...] या विषयावर आहे. माझे स्वतःचे चार पेपर छापून आलेत, पण दुसऱ्याचा पेपर मी कधी तपासलेला नाही आणि कसा तपासायचा हे कोणी शिकवलंही नाही. दोन रात्री जागून इंग्रजीच्या चुका काढल्या, सत्तेचाळीस निघाल्या. तरी पेपर चांगला की वाईट, हे मला अजून सांगता येत नाही. लेखक माझ्यापेक्षा कितीतरी अनुभवी दिसतात, त्यांना मी काय शिकवणार? मैत्रीण म्हणते, चॅटजीपीटीत टाक, दोन मिनिटांत रिपोर्ट हातात. आणि सरांच्या नावावर मी लिहायचं हे बरोबर आहे का? पण हे सरांना विचारू कशी? मुदतीला बारा दिवस उरलेत. मला 'तू'च म्हणा.
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

तू म्हणायला सांगितलंस ते बरं झालं. आता जरा रागावताही येईल.

तुझ्या पत्रात वर चौकोनी कंस दिसतोय ना? तिथे तू पेपरचा विषय, पीक, प्रयोग झाला ते गाव आणि मुख्य निष्कर्ष असं सगळं लिहिलं होतंस. छापायला देण्याआधी मी ते काढलं. तो पेपर अजून कुठेही आलेला नाही. ज्यांनी लिहिला त्यांनी तो एका एडिटरच्या भरवशावर पाठवला, एडिटरने तो छापण्याजोगा आहे का हे तपासायला (रिव्ह्यू म्हणजे तेच) तुझ्या सरांच्या भरवशावर, सरांनी तुझ्या, आणि तू तो उचलून वर्तमानपत्राकडे धाडलास! युनिव्हर्सिटीच्या उत्तरपत्रिका तपासायला बसतो तेव्हा शेजारणीला बोलावून 'बघा हो, याने काय लिहिलंय' असं दाखवतो का आपण? रिव्ह्यूच्या पेपरला तोच नियम लाव. चहा पिताना मैत्रिणीला सांगायचा नाही, त्यातली कल्पना आपल्या पुढच्या प्रोजेक्टमध्ये घ्यायची नाही, आणि लेखक ओळखीचे निघाले तरी त्यांना फोन करायचा नाही. बास, रागावून झालं.

आता ते सत्तेचाळीस.

माझा पहिला रिव्ह्यू पोस्टाने आला होता. जाडजूड पाकीट, आत डबल स्पेसमध्ये टाइप केलेली बावीस पानं आणि एडिटरचं दोन ओळींचं पत्र. मी तेव्हा तुझ्याच वयाची असेन. पाकीट आलं त्या दिवशी स्टाफरूममध्ये ते मुद्दाम टेबलावर, सगळ्यांना दिसेल असं ठेवलं होतं. झाडपाल्याच्या अर्काने पानावरचा बुरशीजन्य रोग आटोक्यात येतो, अशा धर्तीचा पेपर. असे शेकड्याने असतात, त्यामुळे कोणाचा ते यावरून ओळखू येणार नाही. मी लाल पेन घेऊन बसले. 'द' कुठे हवा, कुठे नको, स्पेलिंग ब्रिटिश की अमेरिकन, संदर्भयादीत वर्षानंतर स्वल्पविराम की पूर्णविराम. एकसष्ट मुद्दे काढले. खाली 'भाषा सुधारल्यास प्रकाशनास योग्य' असं लिहिलं आणि रजिस्टर्ड पोस्टाने रवाना केलं. पोस्टातून घरी चालत येताना मी काय तोऱ्यात होते म्हणून सांगू!

दीडेक महिन्याने एडिटरने दोन्ही रिव्ह्यूअरच्या रिपोर्टची प्रत पाठवली. बरीच जर्नलं आजही अशी प्रत पाठवतात, आणि शिकायला त्याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. दुसऱ्या रिव्ह्यूअरने चार वाक्यं लिहिली होती. फक्त चार. त्यातलं दुसरं साधारण असं होतं: अर्क फवारलेल्या झाडांची तुलना काहीच न फवारलेल्या झाडांशी केली आहे, नुसतं पाणी फवारलेली झाडं कुठे आहेत?

मी पेपर पुन्हा उघडला. खरंच नव्हती. अर्क पाण्यात मिसळलेला, त्यात चिकटून राहावा म्हणून थोडा साबण. म्हणजे औषधाच्या झाडांना तीन गोष्टी मिळाल्या, अर्क, साबण आणि पाणी, आणि कंट्रोलच्या झाडांना एकही नाही. फरक पडला तो कशामुळे? नाशिकच्या कुठल्याही बागायतदाराला विचार, फवारणीच्या नुसत्या पाण्यानेही रोगाचं गणित बदलतं. भुरी, म्हणजे पानावरची पांढरी बुरशी, पाण्याने थोडीफार धुऊन निघते, तिचे बीजाणू ओल्या पानावर नीट रुजत नाहीत. डाऊनी या दुसऱ्या रोगाचं नेमकं उलट, पान ओलं राहिलं की त्याचं फावतं. त्यामुळे कंट्रोलच्या झाडांवर तेवढंच पाणी आणि तेवढाच साबण फवारल्याशिवाय त्या अर्काबद्दल काही म्हणताच येत नव्हतं. फवारणीची ती माहिती आठव्या पानावर होती. त्याच पानावर मी सहा स्वल्पविराम सुधारले होते.

तर तुझे सत्तेचाळीस मला चांगले ओळखीचे आहेत. मराठी शाळेतून आलेल्या आपल्यासारख्यांनी इंग्रजीपायी कधी ना कधी मार खाल्लेला असतो. आपल्याच पेपरवर 'इंग्रजी भाषकाकडून तपासून घ्या' असा शेरा आलेला असतो. मग दुसऱ्याचं चुकलेलं वाक्य दिसलं की हात शिवशिवतात. शिवाय इंग्रजीची चूक पकडायला सोपी आणि पकडली की काम केल्यासारखं वाटतं. पण जर्नलकडे भाषा बघायला वेगळी माणसं असतात, नसली तर तो त्यांचा प्रश्न. तुला ज्यासाठी बोलावलं (खरं तर सरांना बोलावलं, त्याच्याकडे येतेच) ते काम दुसऱ्या कोणाला जमणार नाही. भाषेबद्दल एकच वाक्य लिही: अमुक दोन-तीन ठिकाणी वाक्याचा अर्थ लागत नाही, ते स्पष्ट करावं. अर्थ लागत असेल तर तेही लिहू नकोस.

मग बघायचं काय? पहिलं वाचन पेन न घेता कर. कॉलेज रोडवर कुठे कॉफी घेत वाचलंस तरी चालेल, फक्त स्क्रीन शेजारच्या टेबलाकडे वळवू नकोस. वाचून झालं की पेपर बंद कर आणि तीन वाक्यं लिही, मराठीत: यांना काय शोधायचं होतं, त्यासाठी यांनी नेमकं काय केलं, आणि यांना काय सापडलं. मराठीत म्हणते त्याला कारण आहे. इंग्रजीत लिहायला गेलीस की पेपरमधलीच वाक्यं उचलशील आणि आपल्याला समजलंय असं वाटत राहील. मराठीत आडवळणाला जागा नसते. तीन वाक्यं जमलीच नाहीत तर दोष तुझ्या बुद्धीचा धरू नकोस. तोच तुझ्या रिपोर्टचा पहिला मुद्दा.

दुसऱ्या वाचनात थेट पद्धतीच्या विभागाकडे जा. निष्कर्ष आणि चर्चा तात्पुरती झाकून ठेव. चर्चा वाचली की माणूस लेखकाच्या बाजूने विचार करायला लागतो, आणि लेखकाची भाषा चांगली असेल तर जास्तच. पद्धत वाचताना एकच खेळ खेळ: हा प्रयोग उद्या सकाळी मला करायचाय. कुठलं वाण, किती झाडं, कोणाला औषध द्यायचं हे कसं ठरवलं, किती मात्रा, किती दिवसांनी मोजलं, मोजणाऱ्याला कुठलं झाड कशाचं हे माहीत होतं का. जिथे तुझा हात अडेल तिथे खूण कर.

एक उदाहरण घेऊ. तुझा पेपर नाही, हा मी मनाने रचलेला आहे, पण असले मी डझनभर तरी वाचले असतील. दिंडोरी तालुक्यातली थॉमसन सीडलेसची बाग. शेजारशेजारचे दोन प्लॉट. एकाला नवीन खत दिलं, दुसऱ्याला नेहमीचं. काढणीच्या वेळी प्रत्येक प्लॉटमधली तीस झाडं घेतली, दर झाडाचे पाच घड, आणि दर घडाच्या मण्यांचा रस काढून रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स, म्हणजे रसाची गोडी, बघितला. तक्त्यात दिमाखात लिहिलंय, नमुने प्रत्येकी १५०, पी व्हॅल्यू ०.००१ पेक्षा कमी, म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचा वाटत नाही. सरासरी दोन अंशांनी गोडी वाढली. आकडे झकास, आलेख रंगीत, निष्कर्ष ठाम.

माझा भाऊ पिंपळगावकडे बाग करतो. दहावीनंतर शिकला नाही. असाच एक निकाल मी त्याला एकदा सांगितला होता, छापून आलेल्या पेपरमधला. त्याने तंबाखू मळता मळता एवढंच विचारलं, "नाल्याच्या अंगाचा प्लॉट कुठला होता?"

त्याने विचारलं तेच रिव्ह्यूअरने विचारायचं असतं. नवीन खत किती ठिकाणी दिलं? एका. नेहमीचं किती ठिकाणी? एका. मग १५० आले कुठून? घड दीडशे मोजले, पण खत काही दीडशे वेळा वेगवेगळं दिलं नाही, प्लॉटला एकदाच दिलं. जो फरक दिसतोय तो खताचा असेल, नाहीतर एक प्लॉट माळाचा नि एक काळ्या मातीचा असेल, नाहीतर एकाला ठिबकचं पाणी शेवटच्या टोकाला कमी पोचत असेल. दीडशेऐवजी दीड हजार घड मोजले तरी हे सुटत नाही. त्याच दोन प्लॉटांतला फरक अधिकाधिक बारकाईने मोजला जातो, इतकंच. याला स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली 'इकॉलॉजिकल मोनोग्राफ्स'मध्ये या चुकीवर लेख लिहिला तेव्हापासून हे नाव रुळलं. चाळीस वर्षं उलटून गेली, चूक अजून जोरात आहे. शेतीवरच्या प्रयोगांत ती सर्वांत आधी शोध. चाळीतल्या कांद्यात, ट्रेमधल्या रोपांत, एकाच टाकीतल्या माशांत, एकाच वर्गातल्या मुलांत, सगळीकडे तीच असते.

सापडली की काय लिहायचं? मी तुझ्या वयात असते तर लिहिलं असतं, 'प्रयोगाची आखणी सदोष असून सांख्यिकी विश्लेषण चुकीचं आहे.' वाक्य बरोबर आहे आणि निरुपयोगी आहे. लेखकाला यातून एवढंच कळतं की कोणीतरी आपल्यावर खवळलंय. त्याऐवजी असं लिही: 'पान ६, ओळ ११२ ते ११८. नवीन खत एकाच प्लॉटला दिल्याचं दिसतं. तसं असेल तर तुलनेचं एकक घड नसून प्लॉट आहे, आणि तक्ता २ मधली पी व्हॅल्यू खताचा परिणाम दाखवत नाही. लेखकांनी आणखी प्लॉटांवर किंवा दुसऱ्या हंगामात हा प्रयोग केला असेल तर ती माहिती द्यावी आणि प्लॉट हे एकक धरून विश्लेषण पुन्हा करावं. नसेल, तर हे एका बागेतलं निरीक्षण म्हणून मांडावं, आणि शीर्षकातला व सारांशातला खतामुळे गोडी वाढल्याचा दावा काढावा.' कुठे, काय, का अडतंय, काय केलं तर सुटेल, चारही गोष्टी आल्या. आणि 'दिल्याचं दिसतं' हे शब्द महत्त्वाचे. कदाचित त्यांनी दहा प्लॉट घेतले असतील आणि लिहायचं राहिलं असेल. माणसं विसरतात.

यात आणखी एक गोष्ट बघ. मी त्यांना नवीन प्रयोग करायला लावला नाही. द्राक्षाचा हंगाम वर्षातून एकदा. 'अजून दोन वर्षांचा डेटा द्या' असं लिहायला रिव्ह्यूअरच्या बापाचं काय जातं? त्या बिचाऱ्या पीएच.डी.च्या मुलीची फेलोशिप संपलेली असते. दावा पुराव्याच्या मापाचा करून घेता आला तर बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

मग आकडे. मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढून तक्त्यांच्या बेरजा करून बघ. थट्टा नाही करत. 'बारा झाडांपैकी ४७ टक्के झाडांवर रोग' असं लिहिलेलं मी वाचलंय. बारातली पाच झाडं म्हणजे ४१.७ टक्के, सहा म्हणजे ५०. ४७ टक्के बारा झाडांतून निघूच शकत नाहीत. लबाडीच असेल असं नाही. मधे झाडं मेली असतील, टक्का पानांचा असेल, टायपिंगची चूक असेल. पण विचारायला हवं, आणि विचारायचं ते आरोप न करता. खरोखरच लबाडीचा वास आला, म्हणजे तोच फोटो दोन ठिकाणी उलटा करून लावलाय किंवा परिच्छेदच्या परिच्छेद कुठून उचललेत, तर ते लेखकांच्या रिपोर्टमध्ये लिहू नकोस. एडिटरसाठी वेगळी गोपनीय चौकट असते, तिथे पुराव्यासकट लिही आणि बाजूला हो. चौकशी करणं त्यांचं काम.

त्या चौकटीवरून आठवलं. तिचा दुरुपयोग फार चालतो. लेखकाला 'उत्तम प्रयत्न, किरकोळ दुरुस्त्या' आणि एडिटरला गुपचूप 'कचरा आहे, टाकून द्या'. असं करू नकोस. एडिटरला पत्र लिहायचं असतं लेखकाला, आणि वर नाकारलेला पेपर नि खाली कौतुकाचा रिपोर्ट अशी त्याची पंचाईत होते. स्वीकारा, किरकोळ दुरुस्ती, मोठी दुरुस्ती, नाकारा, यातलं तुला काय वाटतं ते फॉर्ममध्ये त्या जागी निवड, लेखकाच्या रिपोर्टमध्ये ते लिहू नकोस. निर्णय एडिटरचा. तू रात्ररात्र जागतेयस ती हा निर्णय आपल्या डोक्यावर आहे असं समजून. तो नाहीच आहे.

'लेखक अनुभवी, मी कोण?' असं विचारतेस. अगं, तू दोन वर्षांपूर्वीपर्यंत रोज प्रयोगशाळेत उभी होतीस. रोपं कुठे मरतात, ओव्हन कुठे दगा देतो, हे ताजं ज्ञान तुला आहे. मोठ्या माणसांनी पिपेट हातात धरून कैक वर्षं झालेली असतात. आणि जे कळत नाही ते सरळ लिही: 'सांख्यिकीच्या या मॉडेलबद्दल मत देण्याइतकं मला ज्ञान नाही, एडिटरने त्या विषयाच्या तज्ज्ञाला दाखवावं.' असं वाक्य वाचून एडिटरला हायसं वाटतं. सगळं कळल्याचा आव आणणारा रिव्ह्यूअर त्यांना नको असतो.

कोणी शिकवलं नाही, हेही खरंच. कोणालाच शिकवलेलं नसतं. हा रिव्ह्यूचा सोपस्कार आपल्याला अनादि वाटतो, पण 'नेचर'ने बाहेरच्या तज्ज्ञांचा रिव्ह्यू सक्तीचा केला तो १९७३ मध्ये. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएवरचा १९५३ चा पेपर तिथे रिव्ह्यूला न जाताच छापला गेला होता. सराव करायचा तर आता सोय चांगली आहे. 'ईलाइफ', 'पीअरजे', 'नेचर कम्युनिकेशन्स' अशा जर्नलांत पुष्कळ पेपरांसोबत त्यांचे रिव्ह्यू रिपोर्टही खुले असतात. आपल्या विषयातला एक पेपर घे, आधी स्वतःचा रिपोर्ट लिही, मगच त्यांचे उघड. पहिल्या दोन-तीन वेळा फजिती होईल. माझी त्या चार वाक्यांनी झाली तशीच, फक्त तुझी खासगीत होईल. आणि म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांतले कोणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी जाता जाता: औषधाच्या चाचणीचा पेपर आला तर कॉन्सॉर्टची यादी शेजारी ठेवा, सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (एका प्रश्नावरच्या आधीच्या अभ्यासांचा एकत्र आढावा) असेल तर प्रिझ्माची. काय लिहायचं राहिलंय ते पटकन सापडतं.

आता सर.

दुसऱ्याने लिहून द्यायचा आणि मोठ्याच्या नावावर जायचा, ही रीत सगळीकडे आहे. म्हणून ती बरोबर ठरत नाही. १९९७ पासून चाललेली 'कोप' म्हणून संस्था आहे, जर्नलांच्या नीतिनियमांचं काम बघते. तिच्या मार्गदर्शनात स्पष्ट आहे: जर्नलला विचारल्याशिवाय पेपर तिसऱ्याला दाखवायचा नाही, आणि कोणी मदत केली तर त्याचं नाव एडिटरला कळवायचं. बहुतेक फॉर्ममध्ये तसा प्रश्नही असतो. म्हणजे मार्ग आहे, फक्त सरांना तो दाखवायला हवा, आणि तू तासिका तत्त्वावर असताना, शिफारसपत्र त्यांच्याकडूनच लागणार असताना, नियमावली त्यांच्या तोंडावर मारून चालणार नाही. हे मला कळतं. मी असते तर असा मेसेज केला असता:

'सर, पेपर वाचला. मुद्दे काढतेय, येत्या रविवारपर्यंत कच्चा मसुदा देते. जर्नलच्या सूचनांमध्ये सहरिव्ह्यूअरचं नाव एडिटरला कळवायला सांगितलंय, तर तुम्ही त्यांना दोन ओळींची मेल टाकाल का? माझ्या नावावर पहिला रिव्ह्यू लागेल. आणि मसुद्यावर तुमच्यासोबत अर्धा तास बसायला मिळालं तर माझं कुठे चुकतंय ते कळेल.'

यात कुठे तक्रार नाही आणि खोटंही काही नाही, फक्त जर्नलच्या सूचना एकदा खरंच उघडून बघ. बहुतेक सर 'अरे हो, करतो' म्हणतील, कारण त्यांच्या डोक्यात हे आलेलंच नसतं. त्यांनाही त्यांच्या गाइडने असंच वागवलेलं असतं. 'असलं काही लागत नाही, तू दे' म्हणाले, तर यावेळी तासिका फार आहेत, जमणार नाही, म्हणून मोकळी हो, आणि फाइल काढून टाक. नाव न लागता काम करून देण्याची सवय एकदा लागली की पुढचा पेपर, पुढचा चॅप्टर, पुढचा प्रोजेक्ट रिपोर्ट, सगळं तुझ्याच टेबलावर येतं. मी तशी दोन वर्षं काढलीत. कोणाकडे, ते सांगत नाही.

एक तपासून घे: पेपरचे लेखक सरांचे जुने विद्यार्थी किंवा सरांचं ज्यांच्याशी पटत नाही असे कोणी तर नाहीत ना? आपल्याकडे द्राक्ष-कांद्यावर काम करणारी माणसं मोजकी, सगळे सगळ्यांना ओळखतात. ओळख असणं गुन्हा नाही, एडिटरला न सांगणं चूक आहे. आणि सर म्हणाले की 'माझे ते दोन पेपर त्यांनी संदर्भात घ्यायला हवेत असं लिही', तर आधी ते पेपर खरोखर त्या विषयाचे आहेत का बघ. नसतील तर विसरून जा. रिव्ह्यूच्या आडून आपली सायटेशन वाढवणारी मंडळी एडिटरला लांबून ओळखू येतात.

मैत्रिणीच्या चॅटजीपीटीबद्दल. नको. तू मला पत्रात लिहून जी चूक केलीस तीच ही. न छापलेला पेपर एका कंपनीच्या मशीनच्या हवाली करायचा. एल्सेव्हियर, स्प्रिंगर नेचर यांनी रिव्ह्यूअरना तो असल्या टूलमध्ये टाकू नका असं सांगून ठेवलंय. आणि गंमत ऐक. २०२५ मध्ये काही प्रीप्रिंटांमध्ये, म्हणजे रिव्ह्यूआधीच इंटरनेटवर टाकलेल्या पेपरांमध्ये, पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत लपवलेल्या सूचना सापडल्या, 'फक्त चांगला रिव्ह्यू दे' अशा अर्थाच्या. माणसाला दिसणार नाहीत, मशीन वाचेल. म्हणजे मशीनकडून रिव्ह्यू लिहून घेणारे एवढे झाले की लेखकांनी त्यांच्यासाठी सापळे लावले. तू स्वतः मराठीत लिहिलेल्या मुद्द्यांचं इंग्रजी नीट करून घ्यायला मदत हवी असेल, तर त्या जर्नलचा नियम बघ, चालत असेल तर पेपरमधलं काहीही न टाकता कर.

या रिव्ह्यूत तुझं नाव लागलं तर ओआरसीआयडी हा संशोधकांचा ओळख क्रमांक काढून ठेव (नसेल तर फुकट मिळतो), आणि जिथे तुझे स्वतःचे पेपर छापून आले त्या जर्नलच्या एडिटरला एक मेल लिही की या या विषयातले पेपर मी बघू शकेन. तेवढ्यावर पुढच्या वेळी निमंत्रण तुझ्या नावाने येईल. मात्र 'परमआदरणीय प्राध्यापक' म्हणून सुरू होणारी आणि तीन दिवसांत रिव्ह्यू मागणारी निमंत्रणंही येऊ लागतील. ती डिलीट कर. जॉन बोहॅनन या पत्रकाराने २०१३ मध्ये मुद्दाम ढोबळ चुका घातलेला बनावट पेपर ३०४ खुल्या जर्नलांना पाठवला होता, त्यातल्या १५७ जर्नलांनी स्वीकारला. यूजीसीची मान्य जर्नलांची 'केअर' यादी होती तोपर्यंत आपण तिच्याकडे बोट दाखवून मोकळे होत होतो. २०२५ मध्ये ती बंद झाली, आता जर्नल बरं की बोगस हे आपलं आपण पारखायचं. एडिटर कोण आहे, त्यांच्या कॉलेजच्या वेबसाइटवर ते खरंच दिसतात का, तिथले आधीचे पेपर कसे आहेत, एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं.

बारा दिवस पुरेसे आहेत. मला अजूनही एका पेपरला सहा-सात तास लागतात, पण सलग बसत नाही. एक दिवस वाचन, मधे दोन दिवस सोडायचे, मग पद्धत आणि तक्ते, मग लिखाण. लिहिलेला रिपोर्ट एक रात्र ठेवायचा आणि सकाळी लेखकाच्या जागी बसून वाचायचा. आपल्याला असा आला असता तर रडू आलं असतं का, राग आला असता का, की कामाला लागलो असतो? सुरुवातीच्या दोन वाक्यांत पेपरमधलं खरोखर चांगलं काय ते लिही, आणि नसलं तर ओढूनताणून आणू नकोस.

शेवटी घरातली एक गोष्ट. तू प्रिंट काढली असशील, मीही काढते, स्क्रीनवर मला अजून जमत नाही. रिपोर्ट गेला की ती फाडून टाक. पाठकोरे कागद म्हणून जपून ठेवू नकोस. आपल्या पिढीजात सवयीने मी ठेवले होते, मुलाला गणितं सोडवायला, आणि मग ते रद्दीत गेले. एका संध्याकाळी गंगापूर रोडला भेळ घेतली, पुडा उलगडला, तर आत तक्ता ३ आणि कडेला माझ्याच लाल पेनाचं प्रश्नचिन्ह.